आंबागडावरचा दगड

तुमसरजवळच्या आंबागडावर चढताना एक गावकरी भेटला. एका हातात देवासाठी पाण्याची कॅन, खांद्यावर ओबडधोबड दगड. तटावरून घरंगळलेला एक तरी दगड दर शनिवारी दर्शनाला जाताना वर न्यायचा, ही त्याची सवय. वर पोचल्यावर त्याने तो खिंडारात बसवला, तळव्याने दाबून पाहिला आणि मगच देवापुढे हात जोडले.

"किल्ला बांधला कोणी?" मी विचारलं.

"मले नाही मालूम, भाऊ. कोन्या बाजूनं ढासळून राहिला, थे मालूम आहे." मग म्हणाला, "तुमी काय आनलं?"

माझ्या बॅगेत वाटेत उचललेला नक्षीदार दगडाचा तुकडा होता, घरच्या शोकेससाठी. मी तो काढून दिला. त्या तुकड्याची जागा त्याला लगेच सापडली.