नियमवाल्या मावशी

बांधकाम परवानगीच्या आमच्या टेबलावर बिल्डर यायचे, आर्किटेक्ट यायचे. स्वतःसाठी घर मागायला येणाऱ्या मावशी एकट्याच. मूळच्या निफाडकडच्या, नाशकात चार घरी स्वयंपाक करायच्या. शिक्षण सातवी. पण एकराहून मोठ्या जागेवर बांधकाम केलं तर पाचवा हिस्सा कमी उत्पन्नवाल्यांच्या घरांसाठी ठेवावा लागतो, हा नियम त्यांना आमच्यातल्या निम्म्या लोकांपेक्षा नीट ठाऊक होता. ऑफिसात सगळे त्यांना नियमवाल्या मावशी म्हणायचे, थोडं हसून. मीही हसायचो.

दोन स्वयंपाकांच्या मधल्या वेळात त्या यायच्या. खुर्ची दिली तरी बसत नसत. "बसलेल्या माणसाला 'उद्या या' म्हणायला सोपं जातं," हे त्यांचं कारण.

त्यांच्या वस्तीजवळचा पाच एकरांचा द्राक्षमळा बिल्डरनं घेतला, तेव्हा त्या उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, सगळं घेऊनच आल्या. म्हणाल्या, "दादा, आता कायद्यानंच घर हाय. कुणाच्या पाया पडायचं काम नाय."

मग फाइल आली. मळ्याचे कागदोपत्री सहा तुकडे झाले होते. बिल्डरच्या भावाच्या, बायकोच्या, मेहुण्याच्या नावावर, आणि प्रत्येक तुकडा एकराच्या आतला. 'नियम लागू नाही' ही टिपणी मीच लिहिली. वरून सांगितलं होतं हे खरं, पण अक्षर माझं.

मावशींना मी ते सांगितलं नाही. दोन वर्षं त्या येत राहिल्या आणि मी 'फाइल वर गेलीय' म्हणत राहिलो. इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्याच एका फ्लॅटमध्ये मावशींना पोळ्यांचं काम लागलं. इथे गरिबांची घरं नाहीत म्हणूनच आम्ही फ्लॅट घेतला, असं तिथल्या बाईंनी त्यांना सहज बोलताना सांगितलं.

त्यानंतर मावशी एकदाच आल्या. टिपणी कुणी लिहिली, विचारलं. मी म्हणालो, मी. त्या भांडल्या नाहीत.

"घराचं जाऊ द्या दादा. तवाच सांगितलं असतं, तर ओझरला जावेच्या शेजारची खोली घेतली असती. तवा जमत होतं."

फ्लॅटमधलं काम त्यांनी सोडलं नाही. सोडून भागणार नव्हतं. मला पुढे बढती मिळाली. तुकडे पाडलेल्या जागेची फाइल आली की आता मी शेरा मारून परत पाठवतो. ती दुसऱ्या टेबलावरून मंजूर होते.