हिरव्या इमारतीचा वरचा मजला

जागा दाखवण्यातच हयात गेली, म्हणून कंपनीत सगळे त्यांना दाखवेकाकाच म्हणत. कंपनी इमारती बांधायची आणि भाड्याने द्यायची. "भिंतीवर हात ठेवला की भाडं सांगतो," ही काकांची नेहमीची बढाई. पण कंपनीने ती 'हिरवी' इमारत बांधली आणि काकांची मती गुंग झाली. हिरवी कसली डोंबलाची, चांगली राखाडी होती!

बांधायला खर्च जास्त, म्हणून भाडं जास्त. वीज-पाणी कमी लागणार, पण ती बिलं तर भाडेकरू भरणार. म्हणजे खर्च आपला नि बचत त्याची? काकांनी धाकट्या मालकांना विचारून पाहिलं.

"काका, तुम्ही वरचा मजला तेवढा द्या," मालक म्हणाले. "तो रिकामा राहिला तर इमारत पोसणं परवडायचं नाही. मग तुमचंही कठीण आहे."

हे मात्र काकांना बरोबर कळलं. लेकीचं शिक्षण अर्ध्यावर होतं. ते जीव तोडून गिऱ्हाईक शोधू लागले.

शेवटी एका औषध कंपनीच्या बाई आल्या. करारात डोकं घालून दोघं न हलता बसले होते, तेवढ्यात सगळे दिवे गेले. "फ्यूज उडाला वाटतं, आत्ता बघतो!" म्हणत काका धडपडत उठले, आणि दिवे लागले.

बाई हसायलाच लागल्या. "अहो, कुणी हललं नाही की ते आपोआप बंद होतात. याचेच तर जास्त पैसे मोजतेय मी! आमच्या भागधारकांना अशीच जागा हवी."

वीज वाचवायला जास्त पैसे! काकांच्या डोक्यावरून गेलं, पण सही झाली.

महिन्याभराने मालकांनी त्यांना मिठीच मारली. "कमाल केलीत! इमारत भरली, भाडं चढलं, असा भाव आला की विकूनच टाकली!"

"आणि मी?"

मालकांनी नजर चुकवली. "नवे मालक आपली माणसं आणतात हो, काका. आणि आमच्याकडे आता दाखवायला दुसरी रिकामी जागाच उरली नाही."

घरी बायकोला काही उमजेना. "मजला रिकामा राहिला असता तर नोकरी जाणार होती ना? तुम्ही तर तो भरलात! मग चुकलं कुठे?"

"चुकलं असतं तर बरं झालं असतं गं," काका म्हणाले. "निदान काय सुधारायचं ते तरी कळलं असतं."