यमुनाचा कान

यंत्रमागाच्या कारखान्यातले किस्से लूमखालच्या कापसाच्या भुऱ्यासारखे असतात. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी परत तेवढेच. आज त्यातले फक्त यमुनाचे सांगते. आम्ही दोघी कोन गावाहून यायचो आणि शेजारी बसून कांड्या भरायचो. लूमच्या धोट्यात धागा लागतो ना, तो गुंडाळायचं काम.

लूम चालू असताना बाजूच्याचं बोलणं कळत न्हाय, सगळा हातवाऱ्यांचा कारभार. एकदा, मुकादमानंच मागून सांगितलं, पार त्या टोकाला लूम दुरुस्त करणारे रहीमचाचा त्याला म्हणाले, "यमुनाबाई आज दिखी नहीं."

ही इकडून ओरडली, "इधरच हाय, चाचा!"

चाचांनी कपाळाला हात लावला. "अब इसके बारे में सोचना भी बंद."

*

दुपारी जेवली की यमुना गोणपाटावर आडवी. भोंगा वाजो, कुणी भांडो, तिला पत्ता नसायचा. आम्ही मुद्दाम तिच्याजवळ बसून म्हणायचो, "गंगा... गोदा... सरस्वती..." घोरणं चालूच. मग मी नुसतं पुटपुटले, "यमुना."

डोळे न उघडता म्हणाली, "माझी काय चुगली चाललीय गं?"

*

तिचा नवरा दामूभाऊ तिथंच लूम चालवायचा. भला माणूस, पण बायकोचं नाव जन्मात घेतलं न्हाय. ती हवी असली की खोकायचा. त्यांच्या पोराच्या हळदीला आम्ही दामूभाऊला उंबऱ्यात अडवला, "उखाणा घ्या, मगच आत." भाऊंनी ओळी जुळवल्या, घाम पुसला, नावापाशी आले आणि खोकले.

आतून यमुना म्हणाली, "आले, आले."

*

या वर्षी यमुना न्हाणीत घसरली. डोक्याला मार बसला, दवाखान्यात नुसती डोळे मिटून पडलेली. डॉक्टरीणबाई पोर वयाची, पण फार मायेची. म्हणाली, "नावाने हाका मारा. बाकी सगळं झोपलं तरी मेंदू कधीकधी आपल्या नावाला जागा असतो. संध्याकाळपर्यंत जाग आली नाही, तर मुंबईला हलवावं लागेल."

पोरानं "आई" म्हणून पाहिलं. सुनेनं पाहिलं. मी कानाशी गेले, "यमुना, ऊठ, शिफ्ट सुटली." पापणी हलली न्हाय. तोच कान, गं.

दामूभाऊ खोकले. तरी काही न्हाय.

"काका, नाव घ्या ना," डॉक्टरीणबाई म्हणाली.

भाऊंनी आम्हा सगळ्यांकडे बघितलं. "जरा भायेर जाता का?"

बाकीचे खाली चहाला गेले. मी आणि तिची सून पडद्यामागे थांबलो, श्वास धरून. आत स्टूल सरकलं. मग भाऊंचा आवाज, कालच लग्न झाल्यासारखा.

"यमुना."

पलंग करकरला. मग तिचा आवाज आला, जड, तोंडातल्या तोंडात.

"हळू बोला. त्या दोघी पडद्यामागं हायेत."