अक्कांचं बोलणं

लिहिणं हे माझं काम नाही, याची मला कल्पना आहे. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. निपाणीकडच्या त्या घरात छापील मजकूर म्हणजे लाइटचं बिल आणि भिंतीवरचं कॅलेंडर. अशा माणसाने वाचकांचा वेळ घ्यावा, हे मलाच बरं दिसत नाही. त्याबद्दल माफ करा. पण ज्या बाईंपुढे हे कबूल करायला हवं होतं, त्यांच्यापुढे तोंड उघडलं नाही. म्हणून इथे लिहितोय.

दुसऱ्या वर्षाला असताना कोरमंगलातल्या एका छोट्या कंपनीत मला अर्धवेळ काम मिळालं. त्यांच्या अ‍ॅपवर लोक काल्पनिक माणसांशी गप्पा मारत. उत्तरं मशीन देई. पण ते माणूस कोण, कसं बोलतं, हे आधी कुणीतरी लिहून द्यावं लागे. मराठी माणसं लिहायचं काम माझ्याकडे होतं. महिन्याभराने आमच्या मॅडमनी बोलावलं. त्या पुण्याच्या.

"तुझी आजी आणि तुझा दरोडेखोर, दोघंही विचारतात, 'तुला आज कसं वाटतंय?' दरोडेखोराला काय करायचंय रे?"

मी वही उघडली.

"माणूस काय बोलतो ते सोड. काय विचारलं की विषय बदलतो, ते लिही."

तसं एक माणूस माझ्या ओळखीचं होतं.

चामराजपेटेत मी ज्यांच्याकडे जेवायला जायचो, त्या अक्का. दोन-तीन पिढ्या इथेच गेलेल्या, त्यामुळे मराठीत कन्नड मिसळलेलं. मी मुकाट्याने जेवायचो, तर म्हणायच्या, "पोट आहे का पोस्टाची पेटी? काही टाका, आवाज नाही!" नवरा दुबईला असतो, असं त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलेलं. कुणी जास्त विचारलं की त्या ताटात पोळी वाढायच्या. "स्वल्प घे रे, गरम आहे."

खरं काय ते मला माहीत होतं, कारण त्यांचा बँकेचा फॉर्म मी भरला होता. गावाकडे सातवीपासून मी लोकांचे फॉर्म भरत आलोय. कुणाचं खरं वय, कुणाचं दुसरं लग्न, सगळं फॉर्म भरणाऱ्याला कळतं आणि पेनाला टोपण लावलं की त्याने ते विसरायचं असतं. नवऱ्याच्या पत्त्याच्या रकान्याशी आलो तेव्हा अक्का दार लोटून आल्या. "गदगला असतो. दुसरा संसार आहे. ती जागा कोरी ठेवली तर चालेल का रे?"

ते मी विसरलो नाही. एका दुपारी ऑफिसात बसून मी सगळं लिहून काढलं: पोस्टाची पेटी, गरम पोळी, दुबई, गदग. मॅडम वाचून म्हणाल्या, "अरे, ही बाई श्वास घेते!" मला इतका आनंद झाला की घरी फोन करून सांगितलं. आईला काही कळलं नाही, पण तीही खूश झाली.

पुढच्या महिन्यात अक्कांच्या खानावळीत शेजारच्या पाटावरचा एक मुलगा मोबाइल बघून हसायला लागला. "अक्का, ही बाई हुबेहूब तुमच्यासारखी बोलते! थांबा, नवरा कुठाय विचारतो." सगळे वाकून बघू लागले. त्याने मोठ्याने वाचलं, "'दुबईला. तू पोळी घे.' खोटं बोलते हो! खाली तिच्या माहितीत लिहिलंय, नवरा गदगला पळालाय."

अक्कांच्या हातात सांबाराचं भांडं होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सरी, असू दे. जेवा सगळे, गार होतंय."

त्यानंतरही मला पोळी गरमच मिळे. फक्त गॅसचा फॉर्म आला तेव्हा तो त्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे घेऊन गेल्या. मी पायरीवरच बसलो होतो.

मी मॅडमना म्हणालो, ते पात्र काढून टाका. त्यांनी कारण विचारलं, तर म्हणालो, भाषा नीट जमली नाही. त्या हसल्या. लोकांना तीच बाई सगळ्यात आवडत होती. मग मी गुपचूप दुबईचं मस्कत केलं आणि गदगचं बागलकोट. तेवढंच. आठवड्याभरात कॉलेज लांब पडतं असं सांगून जे. पी. नगरला खोली घेतली. कॉलेज तिथून जास्तच लांब होतं.

बरेच महिने मी तिकडे फिरकलो नाही. गणपतीनंतर तो मोबाइलवाला मुलगा बसमध्ये भेटला. ती बाई मी लिहिली, हे त्याला अजूनही माहीत नव्हतं.

"अक्कांचं कळलं का तुला?" तो म्हणाला. गौरीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, यंदा तरी दुबईहून येणार का. अक्कांनी हातातली वाटी खाली ठेवली आणि भरल्या खोलीत सांगितलं, "दुबई नाही, गदग. दुसरं घर केलंय त्याने, अकरा वर्षं झाली. उद्या कुणाच्या मोबाइलवर वाचाल, त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐका."

कुणी लिहिलं, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.