तर, तरच आणि पावशे सरांची बॅच

नोकरीधंदा करणाऱ्या शहाण्यासुरत्या माणसांना एका खोलीत बसवून वर्षभर ‘जर-तर’ घोटायला लावलं, की किस्से आपोआप होतात. कोणी मुद्दाम करायला जात नाही. आमचे इतके साठलेत, की भेटलो की चहा संपतो आणि निम्मे सांगायचे राहतात.

आमची बॅच लॉ एन्ट्रन्सची. दादरला फुलबाजाराच्या मागे, एका टेलरच्या दुकानावर पावशे सरांचा क्लास. मी लालबागची, परळच्या एका लॅबमध्ये रिसेप्शनला. माझ्या बाकावर काळाचौकीचा सिद्धार्थ कांबळे, इन्शुरन्सवाला. आणि पहिल्या बाकावर प्रभादेवीच्या मंगलकाकू नाईक. पन्नाशी ओलांडलेल्या, मुलगा बंगलोरला, आणि वहीला अजूनही ब्राऊन पेपरचं कव्हर.

पहिल्याच दिवशी सरांनी सिद्धार्थला कुठला म्हणून विचारलं आणि फळ्यावर लिहिलं, ‘काळाचौकीचा असेल तर मुंबईचा.’ म्हणाले, हे खरं असेल तर दोन्ही तुकडे उलट क्रमाने घ्यायचे आणि दोन्हींना ‘नाही’ लावायचं. मुंबईचा नसेल, तर काळाचौकीचा नाही. हा कॉन्ट्रापॉझिटिव्ह, हा कायम बरोबर. पण ‘नाही’ न लावता नुसतंच उलटवलं, की मार्क गेला.

मग सिद्धार्थला उभं केलं. ‘मुंबईचा असेल तर काळाचौकीचा’, हे बरोबर की चूक?

सिद्धार्थने पेनाचं टोपण लावलं.

“पेपरात चूक लिहितो, सर,” तो म्हणाला. “पण आमच्या नाक्यावर हे बरोबर आहे.”

*

महिन्याभरात मला सगळीकडे कॉन्ट्रापॉझिटिव्ह दिसायला लागले. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात जुनी पाटी आहे, ‘पाणी येणार नसल्यास आदल्या दिवशी नोटीस लावण्यात येईल.’ एका शनिवारी आई म्हणाली, पिंप भरून ठेव. मी खाली जाऊन बघून आले. नोटीस नव्हती. नोटीस नाही म्हणजे पाणी येणार, हे मी आईला नीट, कागदावर बाण काढून समजावलं. आईने तो कागद घडी करून डब्याखाली ठेवला. मला वाटलं, पटलं.

रविवारी पाण्याचा थेंब नाही. पाइप फुटला होता, आणि नोटीस लावणारे सेक्रेटरी गावी गेले होते.

आईने मला रिकामं पिंप दाखवलं. माझी आई रागावली की थेट मालवणीत जाते. “आता त्या कॉन्ट्रापॉझिटिव्हान आंघोळ कर,” ती म्हणाली.

*

‘तर’ आणि ‘तरच’ हा सरांचा आवडता चॅप्टर. सर म्हणायचे, आपल्या भाषेत एका ‘च’मध्ये सगळं येतं, आणि तुम्ही तोच वाचत नाही.

मंगलकाकूंच्या घरी हा चॅप्टर जरा जास्तच मुरला. त्यांचे मिस्टर, म्हणजे नाईक काका, रिटायर्ड. रोज रात्री काकूंची उजळणी ते घ्यायचे, प्रत्येक प्रश्नाखालचा ‘दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही’ हा शेवटचा पर्यायसुद्धा मोठ्याने वाचून. एकदा सकाळी बाहेर पडताना काका बोलून गेले, पापलेट करणार असशील तर जेवायला घरी येतो. काकूंनी केला दुधी. म्हणजे हे येत नाहीत, असं समजून त्या जेवल्या आणि भांडी घासून मोकळ्या झाल्या. दोन वाजता काका हजर.

काकू भडकल्या. काकांनी शांतपणे चपला काढल्या. मी ‘तर’ म्हणालो होतो, ‘तरच’ म्हणालो नव्हतो. पापलेट नसेल तर काय करीन, हे मी बोललोच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये केस उभी राहिली. सरांनी नाइलाजाने निकाल दिला की काका शंभर टक्के बरोबर आहेत. मग काळजीने विचारलं, “जेवले का पण ते?”

“बरोबर उत्तराला मार्क असतात, सर,” काकू म्हणाल्या. “भात नसतो.”

*

सिद्धार्थला तेव्हा गिरगावातली एक मुलगी आवडायची. तिने मेसेज केला होता, ‘वेळ असेल तर रविवारी भेटू.’ रविवारी काही ती आली नाही. सोमवारी सिद्धार्थ मजेत. भेटली नाही म्हणजे वेळ नव्हता, सरळ कॉन्ट्रापॉझिटिव्ह आहे, वाईट काय वाटून घ्यायचं. पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्याही.

शेवटी सरांनी त्याला क्लास सुटल्यावर थांबवलं. “कांबळे, तुमचं उलटवणं अचूक आहे,” सर म्हणाले. “पण मूळ वाक्य खरं आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

सिद्धार्थ त्या दिवशी दादरहून काळाचौकीपर्यंत चालत गेला. त्यानंतर मात्र त्याचे सराव परीक्षेत, म्हणजे मॉकमध्ये, मार्क वाढले.

*

काकूंचे मात्र वाढेनात. परीक्षा तोंडावर आली तेव्हा मला म्हणाल्या, मी बसतच नाही. मग कळलं, लग्नाआधी त्यांनी लॉला नाव घातलेलं होतं. सासरच्यांनी सांगितलं होतं, पुढे शिकायचं असेल तर शीक. “कोणी नाही म्हटलंच नाही गं,” काकू म्हणाल्या. “हो पण नाही म्हटलं.” मी म्हटलं, परीक्षेच्या दिवशी सकाळी मी तुम्हाला घ्यायला येते.

रिझल्ट इथेच सांगून टाकते. तिघांनाही ॲडमिशन मिळाली, काकूंना सगळ्यात शेवटच्या राउंडला. पण खरी गंमत परीक्षेच्या सकाळची.

मी आणि काकू सेंटरच्या गेटवर पोहोचलो. काका हॉल तिकिटांची पिशवी घेऊन स्कूटर लावायला गेलेले. वॉचमनने मला वाट करून दिली आणि काकूंना हात आडवा केला. पालकांना आत प्रवेश नाही, मुलीला एकटीला जाऊ द्या.

गेट बंद व्हायला आलेलं. काकूंनी पदर खोचला. “पालक असेल तर आत जाणार नाही, असा नियम आहे ना तुमचा?” त्या म्हणाल्या. “म्हणजे जो आत गेला, तो पालक नाही. मला आत सोडा, लगेच सिद्ध होईल.”

वॉचमन विचारात पडला. तेवढ्यात काका धापा टाकत आले, हॉल तिकिटं दाखवली, आणि आम्ही आत सुटलो. काकूंच्या मागोमाग काकाही निघाले, पाण्याची बाटली घेऊन.

वॉचमनने त्यांना धरलं. पालक बाहेर.

“मी हिचा पालक नाही,” काका म्हणाले.

“मग कोण तुम्ही?”

काकांनी पायऱ्या चढणाऱ्या काकूंकडे बघितलं.

“दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही,” ते म्हणाले.

वॉचमनने गेट लावून घेतलं, आणि बाहेर त्यांना स्वतःची खुर्ची दिली.