यंत्रातले नातेवाईक

देवासला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका कारखान्यातून निवृत्त झाले आणि निसरपूरकडे नर्मदेत मासेमारीला होडी घेऊन बसले. होडीवर त्यांनी एक यंत्र बसवलं होतं. खाली मासा दिसला की ते टुकटुक करायचं, आणि एकदा खूण केलेली जागा पुन्हा बरोबर शोधून द्यायचं.

खुणांना आकडे द्यायचे सोडून काका नातेवाइकांची नावं द्यायचे. "आकडे कोण लक्षात ठेवतो, भिया? माणूस विसरत नाही," एकदा मला होडीतून नेताना बडीशेप चघळत ते म्हणाले.

पाण्याखालचा खडक म्हणजे सासरेबुवा. तिथून होडी लांबूनच काढायची. बुडालेलं बाभळीचं झाड म्हणजे आत्या. जाळं एकदा धरलं की सोडत नाही. मी हसून लोटपोट होत होतो, आणि मधूनमधून यंत्र कसं वापरावं हे काकांनाच समजावत होतो.

तेवढ्यात पडद्यावर माझंच नाव आलं. मी फुललो. यंत्र तर जोरजोरात टुकटुकायला लागलं.

"काका, टाका जाळं! केवढी गर्दी आहे खाली!"

काकांनी इंजिन हळूसुद्धा केलं नाही.

"इथं नुसता आवाजच असतो, भिया," ते म्हणाले. "जाळं दरवेळी रिकामं येतं."