खांद्याचं औषध

शेवंतावहिनी गेल्याची बातमी घेऊन दादा स्वतःच नागपूरच्या त्या टोकाहून सायकल हाणत आला. दारात उभा राहून म्हणाला, "घरची... गेली." बायकोचं नाव तेव्हाही ओठांवर आलं नाही! महिना होत आला, पण माझा सख्ख्या भावावरचा राग काही उतरत नाही.

माझ्या माहेरी, विणकरांच्या गल्लीत, बाईचं दुखणं नवरा डॉक्टरला सांगतो आणि औषध घेऊन येतो. बाई घरीच. वहिनीला न्हाताना छातीत गाठ लागली, तिनं दादाला सांगितलं, दादा माग सोडून दवाखान्यात गेला. तिथं बाकावर सगळे ओळखीचे पुरुष! आमच्या शूरवीराला 'छाती' म्हणवेना. माणूस चंद्रावर जाऊन आला, पण दादाचा हात निघाला तो खांद्यावरच थांबला. डॉक्टरनं चोळायला मलम दिलं.

दिवाळीला मी गेले, तर घरभर मलमाचा वास. वहिनी चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती.

"काय चोळून राहिली वं?"

"खांद्याचं औषध."

"खांदा दुखते?"

"नाही. गाठ छातीत हाय. तुह्या भावाची गाडी खांद्याच्या पुढं गेलीच नाही."

हसावं की दादाला मागाच्या खड्ड्यात पुरावं, कळेना.

"अन् तू काहून नाही गेली?"

"पुरुषापुढं पदर काढू? अन् दुखत तं नाही ना..."

मोठ्या दवाखान्यात बाई डॉक्टर बसते, हे गल्लीत कुणाला ठाऊकच नव्हतं. मी नेलं. ऑपरेशन झालं, पण फार उशीर झाला होता.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनीनं वाणाबरोबर प्रत्येकीला दम दिला, "न्हाताना हात फिरवून पाहा. काही लागलं तं नवऱ्याले नका धाडू, मोठ्या दवाखान्यात बाई डॉक्टर हाय, सोताच जा!" बायका पदरात तोंड खुपसून हसल्या. गेली मात्र एकही नाही!

परवा भेटायला आलेल्यांना दादा सांगत होता, "जुनं दुखणं होतं." आतून मी ओरडले, "छातीचा कॅन्सर होता!" ओसरीवरून शेजारची सून उठून आत आली, वहिनीच्या चरख्यापाशी टेकली. कांडी उगाच हातात घेऊन म्हणाली, "आत्या, ते बाई डॉक्टर... कोणत्या दिवशी बसते?"

मी दिवस सांगितला नाही. म्हटलं, "चपला घाल."